सामाईक भिंतीवरचं बफिंग मशीन

रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी बफिंग मशीन पहिल्यांदा चालू केलं आणि फोनवर आवाज मोजला.

चांदीच्या अंगठ्या मी हौस म्हणून करते. एक दिवस स्वतःच्या नावाने विकायच्या, असा बेतही आहे. हाताने घासून जी चकाकी येत नाही ती फिरत्या कापडी चाकावर येते, म्हणून टेबलावर बसणारं मशीन घ्यायचं ठरवलं. दोन मशीन निवडीत उरली. एक लहान, वेग कमीजास्त करता येणारं. पण अंगठी जरा दाबून धरली की ते अडखळे. दुसरं अर्ध्या हॉर्सपॉवरचं, जड, एकाच वेगाचं. मी ताकद, चाकाचा व्यास, धूळ, जागा आणि आवाज यांचा तक्ता केला, प्रत्येकाला गुण दिले आणि मोठं घेतलं. ते टेबलावर थरथरत होतं. मग भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या फळीवर बोल्टने आवळलं. चौऱ्याहत्तर डेसिबल होते, ते सहासष्टवर आले. दाराशी बासष्ट. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सकाळी मी कॉलेजात प्रात्यक्षिकं घेते, म्हणून पॉलिशसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ ठेवली. संध्याकाळी शेजाऱ्यांची मुलं अभ्यास करतात, तेव्हा मशीन लावायचं नाही, हा नियमही मीच केला. दुपारी कुणाला त्रास होणार नाही, असं मी धरून चालले होते.

त्या भिंतीपलीकडे भाजीवाल्या काकू-काका राहतात. गावाबाहेर त्यांचं थोडं वावर आहे. मेथी, पालक, वांगी ते स्वतः पिकवतात. काकूंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "काय दळून राह्यली वं दुपारची?" मी हसले, फोन पुढे केला आणि आकडा दाखवला. दोन माणसं बोलतात साधारण तितकाच आवाज आहे, असं समजावूनही सांगितलं. काकू "हाव" म्हणाल्या आणि मेथीची जुडी देऊन गेल्या.

फेब्रुवारीत आई त्यांच्याकडून वांगी घेऊन आली आणि सहज म्हणाली, की काका आजकाल दुपारी वावरातच झोपतात, झाडाखाली गोणपाट टाकून. ऊन चढायला लागलं होतं. मी कारण विचारलं. आईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, की पहाटे तीनला उठून ते वर्ध्याच्या बाजारात माल नेतात, परत येऊन जेवतात, आणि त्यांची रात्र म्हणजे दुपारी दोन ते पाच.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पहाटे त्यांची मोटरसायकल सुरू झालेली मी कित्येकदा अंथरुणात ऐकली होती. पण माझ्या तक्त्यात तो आवाज कुठेच नव्हता. तक्त्यात फक्त माझी खोली होती.

मी फोन घेऊन काकूंकडे निघाले. आईला म्हटलं, मी पोचले की मशीन लाव. "लोकाइच्या घरात मीटर घेऊन जाते का कोणी?" ती म्हणाली, पण बटणापाशी जाऊन उभी राहिली.

काकांची खाट थेट त्या भिंतीला टेकलेली होती. वर लोखंडी मांडणी, पण रिकामी. ताटं-वाट्या खाली जमिनीवर कापड घालून रचलेल्या. मशीन सुरू झालं आणि खाटेच्या दांडीवर ठेवलेल्या माझ्या हाताला ते कळलं. बोल्ट आवळून मी माझ्या खोलीतली जी थरथर घालवली होती, ती सगळी या भिंतीत उतरली होती. उशीवर फोन ठेवला. एकसष्ट.

भांडी खाली का, ते विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

"वाजे ना ते," काकू म्हणाल्या. "काढून ठेवले. पन भिंत कशी काढनार?"

"मग मला सांगितलं का नाही, काकू?"

"तू तं मोजलं होतं ना माय. मले वाटलं, आमचेच कान खराब झाले."

मी माफी मागितली, ती त्यांनी हातानेच उडवून लावली आणि चहा ठेवला. त्या घरात मी तो चहा मान खाली घालून प्यायले. फळीवरचे बोल्ट त्याच संध्याकाळी काढले. विक्रेत्याने मशीन परत घेतलं नाही. ते खोक्यात आहे. मी लहान घेतलं, मागच्या अंगणात, भिंतीपासून दूर, जाड रबरावर ठेवलं. अंगठीला दुप्पट वेळ लागतो. अडखळतंही, मी कमी दाबते.

पुढच्या आठवड्यात काकूंनी कुंपणावरून सांगितलं, की काका घरी झोपायला लागले, आता आवाज येत नाही. एवढ्यावर थांबायला हवं होतं. त्यांचा शब्द मला पुरला नाही. दुपारी मशीन चालू ठेवून मी पुन्हा त्यांच्या दारात गेले, फोन हातात. काकूंनी तो पाहिला आणि वाट दिली. काका भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते. मशीनचा आवाज मला शोधूनही सापडला नाही. आकडा आला तो त्यांच्या घोरण्याचा. मी ओशाळून बाहेर आले, आणि तरीही तो टिपून ठेवला: त्रेचाळीस.