लासुर्ण्याचे आबा आणि न बिघडलेला हेडफोन

"मॅडम, आमच्या सासऱ्यांना अजून सगळं ऐकू येतंय," असं म्हणून वैशालीनं हेडफोनचा डबा माझ्या काउंटरवर आपटला.

बारामतीत माझं सर्व्हिस सेंटर आहे. हेडफोन, स्पीकर, साउंडबार, असलं सगळं. कंपनी पुण्याची, खुर्ची माझी, आणि शिव्या दोघांच्या वाटणीच्या मी एकटीच खाते. 'ऐकू येत नाही' ही तक्रार रोज येते. ऐकू येतंय म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक मात्र हे पहिलंच. आणि तेही एकाच हेडफोनसाठी तिसऱ्यांदा.

हेडफोन भारीतला होता. वायरलेस, दोन्ही कान झाकणारा, नॉइज कॅन्सलेशनवाला. लासुर्ण्याच्या या बाईनं तो दिवाळीला सासऱ्यांना घेऊन दिलेला. त्यांना घरीदारी सगळे आबा म्हणतात. आबांना भजनाचं वेड, आणि घराला लागूनच यांची पिठाची गिरणी. गिरणीच्या घरघरीत भजन नीट ऐकू येत नाही म्हणून घेतला, असं तिनं पहिल्या खेपेला सांगितलं होतं. मला फार कौतुक वाटलं होतं. सासऱ्याच्या कानांची एवढी काळजी करणारी सून आमच्या भागात शोधून सापडायची नाही.

पहिल्या खेपेला दोष सापडला, पण तो टोपीचा. आबा गांधी टोपीवरनंच हेडफोन चढवायचे. टोपीची कड कानाच्या गादीखाली यायची, फट राहायची आणि फटीतनं आवाज आत. मी सांगितलं, एक तर टोपी काढा, नाहीतर हेडफोन. दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट मारलं. अपडेट म्हणजे आमच्या धंद्यातला अंगारा. बहुतेक वेळा गुण येतो, का येतो ते विचारायचं नाही. तर आता ही तिसरी खेप.

मी टेबलफॅन फुल केला आणि हेडफोन कानाला लावला. फॅनची घरघर गायब. मशीन ठणठणीत.

"ताई, हे चालतंय की."

"चालतंय तर मग आमचं बोलणं आबांना कळतंय कसं?"

आता माझी ट्यूब पेटली. म्हटलं, आबांना भजन ऐकू यावं म्हणून घेतलाय, का तुमचं बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून? ती जरा गडबडली. तसं न्हाय, पर म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला कशाला ताप, असं काहीतरी पुटपुटली. मग आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

"मॅडम, तुमी आबांनाच हितं बोलवून घ्या. कंपनीचा नियम हाय म्हणावं. सकाळी आणून सोडतो, दिवसभर तपासा, सांजच्याला न्हेतो."

हेडफोन तपासायला माणूस दिवसभर कशाला लागतो? म्हाताऱ्या माणसाला उगीच बसवून ठेवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, कशाला त्यांना हेलपाटा, ज्येष्ठांसाठी आमची होम व्हिजिट असते, उद्या मीच येते. आपल्या मते मी उपकार करत होते. वैशालीचं तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं झालं.

ती गेली न गेली तोच पुण्याहून एरिया मॅनेजरचा फोन. आमच्याकडं प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणतात. ते तिकीट बंद होईपर्यंत साहेबांना घास उतरत नाही, आणि बंद झालं नाही तर सेंटर काढून घ्यायची भाषा सुरू होते.

"एकाच युनिटवर तिसरं तिकीट? काय चाललंय बारामतीत?"

"युनिट ओके आहे, सर."

"मग कस्टमर येडा आहे का?"

"कस्टमर पण ओके आहे. म्हणून तर घरी जाऊन बघते."

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि लासुर्ण्याला गेले. घर मळ्यात, वस्तीवर. पुढं ओटा, ओट्यावर आबांची खाट, खाटेला लागून गिरणीची खोली. आणि घराला भिडून ऊस, सगळ्या फडाला तुरे आलेले. मी पण शेतकऱ्याच्याच घरची. तुरा आला की ऊस आतनं पोकळ पडायला लागतो आणि वजन घटतं, एवढं मला कळतं. या उसाला कधीच तोड लागायला हवी होती.

आबा खाटेवर बसले होते. हेडफोन गळ्यात, टोपी गुडघ्यावर. पेशंट आज्ञाधारक होता. मी विचारलं, आबा, आवाज कसा येतो?

"आवाज झ्याक हाय. पखवाज पार पोटात वाजतोय. पर उन्हाचं कान घामेजत्यात. आन चार्जिंग संपत आलं की एक बाई कानात कायतरी करवादती. पयल्यांदा मला वाटलं सूनबाईच हाय."

सूनबाई दारातच उभी होती. तिनं पदर सारखा केला.

वस्तू जिथं वापरतात तिथंच तपासायची, हा माझा नियम. मी गिरणी लावायला सांगितली. वैशालीचा नवरा संजय, यानं गिरणी लावली आणि लगेच मोबाईल घेऊन ओट्याच्या कोपऱ्यात गेला. अख्ख्या वस्तीला रेंज म्हणून काय ती तेवढ्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा आबांच्या उशापासून हातभर. मी भजन बंद केलं, नॉइज कॅन्सलेशन चालू केलं आणि हेडफोन कानाला लावला.

हे नॉइज कॅन्सलेशन काय असतं ते सांगते. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारके माइक असतात. ते बाहेरची घरघर ऐकतात, आणि मशीन आतनं बरोबर तिच्या उलट आवाज सोडतं. रस्सीखेचीत दोन्हीकडं सारखा जोर लागला की दोर जागचा हलत नाही, तसं कानापर्यंत काही पोचत नाही. पण घरघर एकसुरी पाहिजे. पंखा, मोटर, एसटीचं इंजिन, पिठाची गिरणी. माणसाचं बोलणं असं सरळ चालत नाही. ते चढतं, उतरतं, मधेच अडतं. मशीनला ते तेवढं धरता येत नाही. गादीमुळं जरा बारीक होतं इतकंच. आणि भोवतीची घरघर गेल्यावर उरतं ते फक्त बोलणं, निवडलेल्या तांदळासारखं स्वच्छ.

त्यात मळ्यातला माणूस फोनवर बोलतो तेव्हा त्याला फोनची गरज असते का, असा प्रश्न पडावा.

"तोडीची टोळी तयार ठेवा," संजय सांगत होता. "आबांना बारामतीला धाडायचं बघतोय, पर त्या मॅडमच घोळ घालत्यात. आबा गावात असल्यावर तोड व्हायची न्हाय. मागल्या बारीला काठी घिऊन बांधावर बसलं हुतं. आपल्या कारखान्याची वाट बघत बसलो तर उसाचं चिपाड हुईल."

बोलता बोलता तो माझ्याकडं बघून हसला. माझ्या कानावर हेडफोन, शेजारी गिरणी, बाईला काय ऐकू येणार. मी पण गोड हसले.

भानगड माझ्या ध्यानात आली. आबा सहकारी कारखान्याचे जुने सभासद. त्या साली तोडीचा नंबर लांबला होता, आणि पलीकडचा खासगी कारखाना लगेच ऊस न्यायला तयार होता. पोरगा चोरून तिकडं ऊस घालायला निघाला होता. दिवसभर आबा तपासायचे ते हेडफोनसाठी नव्हेच. आबा माझ्या सेंटरमधे बसणार आणि इकडं फडात कोयता लागणार. म्हणजे मला न विचारता मला कटात घेतलेलं. राग आला. खोटं कशाला सांगू, हसू पण आलं.

मी हेडफोन काढला. वैशाली चहा टाकायला आत गेली. संजयला दळण घेऊन आलेल्या बाईनं हाक मारली, तो गिरणीत गेला. आबा माझ्याकडं टक लावून बघत होते.

"आलं न्हवं ऐकू?" ते हळूच म्हणाले.

"आलं."

"पयलं काय कळायचं न्हाय बगा. दोगं गिरणी लावून बोलायची आन मला निस्ती घरघर. ह्ये कानाला लागल्यापसनं अक्षर न् अक्षर येतंय. पोरांनी लई ग्वाड वस्तू दिली."

मला हसू आवरेना. बापाला कळू नये म्हणून यांनी बापाला नवे कान घेऊन दिले होते. मग म्हटलं, पण आबा, ऊस वाळतोय. कशाला आडवं पडता?

म्हाताऱ्यानं फडाकडं पाहिलं आणि हसणं बंद झालं. "मला दिसत न्हाय व्हय? म्या लावलाय त्यो. सकाळी उठून तुरं बगितलं की जीव तुटतोय."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्याच्या सभेत आबांनी माइक हातात घेऊन भाषण केलं होतं. जो सभासद बाहेर ऊस घालील, त्याच्या घरचं पाणी पिणार नाही, असं सगळ्या सभेसमोर बोलून बसले होते. टाळ्या पण पडल्या होत्या. आता स्वतःच्याच घरावर पाळी आली. आबांच्या नजरेसमोर तोड झाली तर आबांचा शब्द गेला. नाही झाली तर ऊस गेला.

"म्या घरात असताना ट्रॅक्टर दारावरनं गेला तर लोक म्हणत्याल, थेरडा खाटंवर बसून भजन ऐकत हुता. मग मला काठी घिऊन जायाच लागतंय. हंगामात म्या आपल्या मनानं गाव सोडत न्हाय, ह्ये सगळ्यास्नी म्हाईत हाय. कुणीतरी न्ह्यायला पायजे मला." त्यांनी गुडघ्यावरची टोपी झटकली. "मला फसवायचं तर नीट फसवा म्हणावं. पर ह्ये मी कसं सांगू पोराला?"

मला वाईट वाटलं. चांगलं वागणारा माणूस एका भाषणात अडकून बसला होता, आणि ज्यांनी त्याला सोडवायचं ती पोरं त्याच्यापासूनच लपवून वागत होती. म्हटलं, मग मी काय करू?

"कंपनीचा नियम हाय म्हणा. जोरात म्हणा. पलीकडच्या वस्तीला ऐकू गेलं पायजे."

चहा आल्यावर मी उठून उभी राहिले आणि कीर्तनाचा आवाज लावला. आबा, दोष इथं सापडत नाही, तुम्हाला उद्या सेंटरला यावंच लागेल, दिवसभर लागेल, कंपनीचा नियम आहे. आबा भडकले. हंगामात गाव सोडणार न्हाय, तुमची कंपनी गेली उडत, असं बरंच बोलले. इतकं खरं भडकले की क्षणभर मलाच शंका आली. संजय त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला. शेवटी आबा फार मोठे उपकार केल्यासारखे तयार झाले. वैशालीनं मला निघताना पिशवीभर शेंगा दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा इस्त्रीचं धोतर नेसून हजर. मी खुर्ची दिली. हेडफोन टेबलावर ठेवला, तो दिवसभर कुणी हातात घेतला नाही. सकाळ बरी गेली. भेळ खाल्ली, रस्त्यावरची वर्दळ बघितली. दुपारनंतर मात्र आबांचा जीव थाऱ्यावर राहीना. पाला नीट काढत असतील का, बुडख्याला तोडत असतील का वर. मग एकदम आठवलं, वळणावर आंब्याचं रोप आहे, ट्रॉली वळवताना मोडणार.

तेवढ्यात संजयचाच फोन आला. आबा तिथंच आहेत ना, याची खात्री करायला. आबांनी मला खुणा केल्या. मी बोलून गेले, "आहेत आहेत. आणि ट्रॉली जपून वळवा, आंबा-बिंबा मोडेल."

आबांनी कपाळावर हात मारला.

"मॅडम, ट्रॉलीचं तुमाला काय म्हाईत?" संजयनं विचारलं.

"आमच्याकडं पण ऊस आहे हो," मी म्हटलं. "हंगाम आहे, सगळ्यांनाच सांगते." आणि फोन ठेवून दिला.

चार वाजायच्या सुमाराला पुण्याचा फोन. सेंटरचा कॅमेरा साहेब तिकडं बसून बघतात.

"तो टोपीवाला कस्टमर सकाळपासून बसलाय. काय करताय त्याचं?"

"ऑब्झर्वेशन, सर."

"आणि युनिट तर टेबलावर पडलंय."

"युनिटचं झालं, सर. आता कस्टमरचं चाललंय."

संध्याकाळी वैशाली न्यायला आली. तिनं तिकिटावर समाधानाची सही केली. शेरा मी लिहिला, 'नो फॉल्ट फाउंड', म्हणजे वस्तूत दोष आढळला नाही. मालकांबद्दल लिहायला फॉर्ममधे जागा नसते.

पुढचं वैशालीनं फोनवर सांगितलं. आबांनी मोकळा फड बघितला आणि असा आरडाओरडा केला की आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं गोळा झाली. सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून या घरचं पाणी पिणार नाही. मग जेवायला बसले आणि ताक मागितलं. तोंडानं शिव्या चालू होत्या, पण रोजच्यापेक्षा भाकरी जास्त खाल्ली, असं ती म्हणाली. आंबा शाबूत राहिला. हेडफोन आता एकदम बरा चालतो, आबांना काही म्हणजे काही कळत नाही, तुमच्या हाताला गुण आहे मॅडम, असंही म्हणाली. मी हो म्हटलं. गिऱ्हाईक खूश असताना त्याला तंत्रज्ञान समजावू नये.

तुम्हाला मात्र सांगून ठेवते. या मशीनला घरघर कळते, बोलणं कळत नाही. घरात कुणाला काही ऐकू जाऊ द्यायचं नसेल, तर त्याला हेडफोन देऊ नका, आपण उठून लांब जा.

आबांनी मात्र कुठंतरी तोंड उघडलं असणार. कारण त्याच हंगामात इंदापूर भागातनं आणखी म्हातारे सभासद माझ्याकडं यायला लागले. सगळ्यांचे हेडफोन ठणठणीत. एकाकडं हेडफोनच नव्हता, तो नुसता चार्जर घेऊन आला होता आणि दिवसभर तपासा म्हणत होता. मी आता सेंटरमधे दोन खुर्च्या वाढवल्यात. पांढरी टोपी दारात दिसली की आधी तक्रार विचारत नाही. विचारते, फड किती एकराचा आहे, म्हणजे किती वेळ बसवायचं ते ठरवता येतं.