एकही चौकट रिकामी नको

आमच्या शाळेचे सगळे अर्ज माझे आहेत. म्हणजे सही मुख्याध्यापकांची, शिक्का शाळेचा, पण कागद माझा. दाखल्याचा अर्ज, रजेचा अर्ज, सहलीचं संमतीपत्र, बोनाफाईडची मागणी. वीस वर्षं मी इथं लिपिक आहे. मालेगावकडून येणारी बस आमच्या फाट्यावर थांबते तिथपासून पार जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत ज्या घरात म्हणून शाळेत जाणारं पोर आहे, त्या घरात माझ्या हातचा एक तरी कागद निघेल.

माझ्या अर्जांची ओळख म्हणजे टिंबं. 'वडिलांचे नाव' लिहायचं आणि मग ओळ संपेपर्यंत टिंबं टाकत जायची. ती कळ मी कधी दाबून धरत नाही, मोजून दाबते. माणसाच्या नावाला चाळीस, गावाला पंचवीस, तारखेला बारा. शेवटचं टिंब समासाला टेकलं की मला बरं वाटतं. दारात कुणीही आलं की सर सांगायचे, "अर्ज का? बाईकडे जा." बाई म्हणजे मी. एवढ्या एका वाक्यावर माझा दिवस जायचा.

मग ती आली. कारंजा तालुक्यातल्या धनजची, तासिकेवर नेमलेली संगणक शिक्षिका. वय माझ्या निम्मं. पहिल्या दिवसापासून सगळे तिला मॅडम म्हणू लागले. वीस वर्षांत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. संगणकाच्या खोलीतला पंखा बंद होता म्हणून तिचं टेबल ऑफिसात आणलं आणि ठेवलं कुठे, तर माझ्या बरोबर समोर. तेव्हापासून मान वर केली की तीच दिसते.

आठवडाभरात तिनं माझ्याकडून रजेच्या अर्जाची वर्डची फाईल मागून घेतली. मी दिली, त्यात काय. दुपारी ती सरांच्या मोबाईलवर काहीतरी दाखवत होती आणि सर खुर्चीतून अर्धे उठले होते. माझ्या टिंबांच्या जागी फिकट निळे खण आले होते. खणावर बोट टेकवलं की कीबोर्ड वर यायचा आणि अक्षरं बरोबर खणात जाऊन बसायची. रजेचा प्रकार लिहायचाच नाही, बाणावर टेकवलं की यादी खाली उतरायची, त्यातली निवडायची. सरांनी तिथल्या तिथे दोन दिवसांची रजा भरून पाहिली, नको असताना. मग तो मोबाईल घेऊन ते स्टाफरूममध्ये गेले आणि प्रत्येकाला भरायला लावलं. कागद नको, पेन नको, म्हणत होते. खालचं 'आपला विश्वासू' माझं होतं, वरचं 'विषय' माझं होतं, मधला मजकूर अक्षर न् अक्षर माझा होता. ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला. नवऱ्यानं विचारलं तेव्हा सांगितलं, भाजी आंबली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "बाई, लय सोपं आहे. तुमाले शिकवू का?"

मी म्हटलं, "मले कायले पाह्यजे? माहे टिंबं बरे आहेत."

आणि पुढचे चार दिवस तिच्या पाठीमागच्या कपाटाशी उभी राहून एकच रजिस्टर काढत होते आणि ठेवत होते. तिनं एक फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यात वर्डची फाईल उघडते. एका पट्टीवर खणाचं चित्र असतं, त्यावर टेकवून कागदावर खण ओढायचा. सगळे खण ओढून झाले की फाईल पीडीएफ करून बाहेर काढायची. एवढंच तर आहे, म्हटलं. एवढ्यासाठी सर खुर्चीतून उठतात.

दिवाळीनंतर आमच्या आसपासच्या वस्त्यांमधली माणसं ऊसतोडीला निघतात. पोरांनी सोबत जाऊ नये म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. दोन वेळचं जेवण आणि अभ्यास शाळेत, रात्री झोपायला गावातल्या कुणा नातलगाकडे. त्यासाठी एक अर्ज लागतो. पोराचं नाव, बापाचं, आईचं, मुकादमाचं, कुठल्या गावी चालले ते, आणि सगळ्यात शेवटी पोराला मागे कोण सांभाळणार त्याचं नाव. त्या अर्जांवरून यादी होते, यादी तालुक्याला जाते, आणि यादीत नाव असेल त्याच पोराला ताट मिळतं. ज्याचं नाव नाही, त्याला आईबाप ट्रकमध्ये घालून घेऊन जातात आणि ते वर्ष गेलं.

सर म्हणाले की यंदा लोक लवकर निघताहेत, तेव्हा हा अर्जही मोबाईलवरच भरून घेऊ, आणि मॅडमकडे वळले. मी मध्येच बोलले. सर, तो अर्ज माझा आहे, मीच करते. येतं का, त्यांनी विचारलं. येतं, म्हटलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

ती तासाला गेल्यावर तिच्या मशीनवर बसले. आधी टिंबं पुसली. मोजून घातलेली टिंबं एका दमात गेली तेव्हा जिवाला लागलं, पण इरेला पेटले होते. एक खण ओढला, छान आला. दुसरा तिरका आला. मला तिरकं चालत नाही. म्हणून पहिल्याचीच नक्कल काढून उरलेल्या पाच जागी डकवली. सहाही खण एका मापाचे, एका रेषेत. तिच्या अर्जातले इतके सरळ नव्हते, हे मी मुद्दाम पाहून घेतलं.

पीडीएफ काढायला गेले तेव्हा एक खिडकी उघडली. त्यात इंग्रजीत बारीक बारीक प्रश्न आणि प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट. काय विचारलंय ते कळेना. पण वीस वर्षं त्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलेय, एकही चौकट रिकामी नको. चौकट रिकामी दिसली की तालुक्याहून अर्ज परत येतो. मी एकूण एक चौकटीत बरोबरची खूण केली. मग फाईल उघडून पहिल्या खणात माझं नाव लिहिलं. कीबोर्ड आला, अक्षरं बसली. अर्ज दोन पानी होता, पण पुढच्या खणावर टेकवलंच नाही, खाली गेलेच नाही. तडक सरांकडे गेले.

पालकांच्या ग्रुपवर अर्ज टाकला. कुणी फाट्यावर बसची वाट पाहताना भरला, कुणी सामान बांधताना. दोन दिवसांत अठ्ठावीस अर्ज परत आले. सर हसून म्हणाले की बाई तर मॅडमच्या पुढे गेल्या. त्या दुपारी मी तिला माझ्या थर्मासमधला चहा दिला. इतकी मी खूश होते.

यादी जायच्या आदल्या दिवशी प्रिंट काढायला बसले. दिवाळीच्या सुट्टीचा तो शेवटचा दिवस, पोरं शाळेत नव्हती. पहिला कागद आला. पोराचं नाव म्हणून एका म्हातारीचं नाव. बापाच्या जागी तीच. आईच्या जागी, मुकादमाच्या जागी तीच. कुठल्या गावी चालले, तर त्या गावाचं नावही तीच म्हातारी. दुसरा कागदही तसाच, फक्त त्यात एक आत्या होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अर्जांत सहा जागी एकेकच नाव, शेवटी लिहिलेलं, पोराला सांभाळणाऱ्या माणसाचं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं आणि घरं गावोगावच्या उसाच्या फडांवर पोचली होती.

तेवढ्यात सर यादी मागायला आले. मी म्हटलं, पालकांनी चुकीचं भरलंय सर, त्यांना मोबाईल कुठे नीट येतो. मी हे म्हटलं. ज्या माणसांनी डोक्यावर बोजा घेऊन उभ्या उभ्या माझा अर्ज भरला, त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले. सर चिडून फोन लावायला बाहेर गेले.

ती समोर बसून माझीच फाईल उघडून पाहत होती. तिनं पहिल्या खणात एक अक्षर टाकलं आणि बाजूला टेकवलं. सहाही खणांत तेच अक्षर उमटलेलं मला माझ्या खुर्चीवरून दिसलं. तिला कळलं आणि मला कळलं की तिला कळलं. सर दारातच होते. तिनं त्यांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मला तिचा खुशाल राग करता आला असता.

उठून माझ्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, नक्कल काढली का खणाचं नावही तेच राह्यते. मंग एकात लिवलं का सगळ्यात जाते. लोकाइनं पुढच्या खणातलं पुसून लिवलं, तं मागचंही गेलं. एकाच नावाचे खण चालतात का, हे इचारते थे शेवटची चौकट टिक नव्हती करायची."

"मी सगळ्याच केल्या."

"सगळ्या?" तिनं ओठ चावून हसू दाबलं, ते मी पाहिलं.

निम्मे अर्ज एकाच मुकादमाच्या मोबाईलवरून आले होते आणि तो मोबाईल बंद होता. बाकीच्यांतले दोनतीन लागले आणि कटले. तालुक्याला फोन केला तर उद्याच पाहिजे म्हणाले. मी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि तिला म्हटलं, "नवा अर्ज उघड. लिव." तिला तू म्हणायची ती पहिलीच वेळ.

पहिली म्हातारी नाल्याकडच्या वस्तीवरची. तिच्या धाकट्या लेकाचं पोरगं सहावीत आहे, बापाचं नाव हे, आईचं हे, जातात दरवर्षी त्याच मुकादमासोबत, त्याच गावी. दुसऱ्या कागदावरची आत्या, तिच्याकडे भावाच्या दोन पोरी असतात, पण मोठी यंदा दहावी होऊन गेली, म्हणजे हा अर्ज धाकटीचा. मी कागद उचलत होते, सांगत होते, ती टाइप करत होती. रजिस्टर फक्त यादीतल्या जन्मतारखेला लागलं. दहाबारा अर्ज झाल्यावर तिची बोटं थांबली. एवढं पाठ कसं, असं तिनं विचारलं. म्हटलं, यांच्या बापांचे दाखलेसुद्धा मीच टाइप केलेत. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी लगेच ओळखलं. मी नाही ओळखणार तर कोण. हेवा होता तो, चांगला चरचरीत. त्या दुपारी इतकी मोठी चूक डोक्यावर असताना मला ते पाहून सुख झालं, हे लपवून काय करू.

सत्तावीस झाले. अठ्ठाविसाव्या कागदावर एका बाईचं नाव होतं आणि आडनाव असं की अर्ध्या वस्त्यांमध्ये तेच. मला लागेना. रजिस्टर दोनदा उलटंपालटं केलं. ऑफिस बंद करायची वेळ झाली होती. या कागदामागे एक पोर होतं आणि उद्यापासून त्याला ताट नव्हतं, माझ्या सहा सरळ खणांमुळे.

ती वाकून कागद पाहत म्हणाली, "थे सातवीतली पोरगी नाई का, दोन वेण्यांची, थिची मावशी हाये हे. जऊळक्याले राह्यते, स्टेशनापाशी."

"तुले काय माहीत?"

"मी इचारलं होतं थिले. एक दिवस डबा नव्हता आणला थिनं, म्हनून इचारलं."

तिनं पोरीचं नाव लिहिलं, आईबापाचं लिहिलं, मुकादम आणि गावही पोरीनंच तिला सांगितलं होतं. मी रजिस्टर पाहिलं, सगळं बरोबर होतं. त्या पोरीची जन्मतारीख, जुन्या शाळेचा दाखला, सगळं वर्षभर माझ्या कपाटात होतं. मी तिला काही विचारलं नव्हतं. कुठल्याच पोराला कधी काही विचारलं नव्हतं, कागदावर जेवढं लागतं तेवढं सोडून.

यादी वेळेत गेली. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की पालकांची चूक नव्हती, माझी होती. ते म्हणाले, असू द्या बाई, यादी गेली ना, पुढच्या वर्षीपासून तो अर्ज मॅडमकडेच राहू द्या.

दुपारी पोरं जेवून हात धुवायला नळावर आली. दोन वेण्यांची ती पोरगी दिसली तशी मी तिला ऑफिसच्या खिडकीशी बोलावलं. काय विचारायचं ते सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं.

"मावशीकडं झोप लागली का गं राती?"

"लागली बाई," ती म्हणाली. "म्याडमनं इचारलं ना सकाळीच."

हात पुसत ती पळाली. त्या दिवशीही मी डबा तसाच घरी नेला. भाजी चांगली होती.