तुह्यात दिसते का पाहू

"जरा मोबाइल दे बरं, तुह्यात दिसते का पाहू."

पांढुर्ण्यातल्या माझ्या ऑनलाइन सेंटरवर काका आले की आधी हे वाक्य आणि मग रामराम. मोबाइल माझा असो की दाखला काढायला आलेल्या एखाद्या अनोळखी माणसाचा, ते सरळ हातातून घेत, चष्मा कपाळावर ढकलत आणि एका बोटाने 'पांढुर्णा संत्रा भाव' असं टाइप करत. मग खाली, आणखी खाली. त्यांची साइट काही दिसत नसे. मोबाइल परत देताना ते त्या बिचाऱ्याकडे असं पाहत, जणू त्यानेच ती लपवून ठेवली आहे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं म्हणणं अगदी बरोबर असतं आणि म्हणूनच त्याच्यासोबत बसणं जिवावर येतं. काका त्यातले.

वीज मंडळात ते लाइनमन होते. तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणाऱ्यांची लाइन कापायची मोहीम निघाली, तेव्हा त्यांनी सौसरला पहिली लाइन सख्ख्या साळ्याची कापली. काकू अजूनही सांगतात, "माह्या माहेरी अंधार करून आले, अन् वरून मलेच म्हणते चहा मांड." काकांचं त्यावर एकच उत्तर असे: "आकडा तो आकडा. साळ्याचा असो का सरपंचाचा."

रिटायर झाल्यावर त्यांनी माझ्याकडून एक साइट बनवून घेतली. सकाळी मंडीत जायचं, संत्र्याचा भाव विचारायचा आणि साइटवर टाकायचा. व्यापारी बागेत येऊन भाव पाडून सांगू लागला, की बागाईतदार त्याच्यापुढे मोबाइल धरत. हे ऐकलं की काका दिवसभर खुशीत असत.

मग सौसरच्या एका नर्सरीवाल्याने थोडे पैसे देऊन स्वतःच्या साइटची लिंक लावायला सांगितली. दुसऱ्या कुणी ती गुपचूप लावली असती. काकांनी जामसांवलीच्या मंदिरात पंख्यावर दात्याचं नाव असतं तसं लिंकखाली लिहिलं, 'ही लिंक नर्सरीच्या देणगीतून. आभारी आहोत.' मी म्हटलं, "काका, हे कशाला?" तर म्हणे, "घेतले तं सांगा लागते ना बापू."

त्या आभारांनीच घात केला. सर्च कंपनीची नोटीस आली, की तुम्ही पैसे घेऊन लिंक लावता, म्हणून तुमची साइट शोधात दाखवली जाणार नाही.

मी समजावून सांगितलं. एका साइटने दुसरीची लिंक दिली की सर्च ते तिला दिलेलं मत समजतं आणि विकत घेतलेलं मत त्याला मोजायचं नसतं. पैसे घेतलेल्या लिंकवर यंत्राला कळेल अशी खूण करावी लागते, नुसते आभार मानून भागत नाही. काकांनी शांतपणे ऐकलं.

"नियम बरोबर हाय," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. "मंग सगळ्याईले लावा."

कारण त्याच नर्सरीवाल्याने त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, की एका मोठ्या बातम्यांच्या साइटलाही त्याने पैसे दिलेत. तिथे त्याच्या कलमांची स्तुती बातमी म्हणून छापली होती, मधोमध लिंक होती आणि जाहिरात असा शब्द कुठेच नव्हता. संत्र्याची कलमं शोधली की तीच बातमी सगळ्यात वर यायची. पैसे देणारा एक, घेणारे दोन आणि लाइन कापली एकाचीच!

काकांनी सर्च कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद. पुन्हा केली, पुन्हा तेच धन्यवाद. काकांचा आवाज मग पार चौकापर्यंत ऐकू जाई. "अरे, आपल्या गोटमारीच्या जत्रेत गोटाबी पाहून नाई येत, का हे पाटलाचं डोस्कं हाय का मजुराचं! या कंपनीचा नियम मातर डोस्कं पाहून पडते."

"काका, लिंक काढा, अर्ज करा आणि मोकळे व्हा," मी वैतागून म्हणायचो. गिऱ्हाईकं ताटकळत उभी असत.

"काढतो ना. पह्यले त्या बातमीवाल्याची कापा म्हना, मंग माही."

कोण कुणाला म्हणणार? माझं डोकं फिरायचं. त्या कंपनीला दार नाही, खिडकी नाही, फोन उचलणारा माणूस नाही. आणि इकडे हे काका. दोघांच्या मधे मी.

मग एक दिवस सावरगावचा एक बागाईतदार आला. त्याने बागेतला माल स्वस्तात देऊन टाकला होता. "तुमचा भाव लय शोधला काका, सापडलाच नाई. व्यापारी म्हणे तो खरा मानला." काकांनी त्या दिवशी कुणाचा मोबाइलही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी ते बसने सौसरला गेले, नर्सरीवाल्याची परवानगी घ्यायला. पंख्यावरचं नाव दात्याला न विचारता कसं खोडायचं! तो हसून म्हणाला, "काढा ना काका, मले काय फरक पडते." परत येऊन त्यांनी लिंक काढली, आभार काढले आणि आम्ही अर्ज पाठवला. साळ्याची लाइन कापून आलेला हा माणूस त्या दिवशी मला पहिल्यांदा हरलेला दिसला, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

अर्जाचं उत्तर यायच्या आत काका गेले. मृग बहाराचा माल निघत होता. सकाळी मंडीतून आले, भाव टाकला आणि खुर्चीतच मान कलली.

साइटच्या नावाचे पुढच्या वर्षाचे पैसे भरायला गेलो, तर ओटीपी काकांच्या बंद पडलेल्या नंबरवर जायचा. काकूंनी, मी, सगळ्यांनी खटपट केली. मुदत संपली आणि नाव सुटलं.

परवा सावरगावचा तोच बागाईतदार धावत सेंटरवर आला. "भाऊ, काकाची साइट आली पाय! एकदम वर!"

खरंच पहिली होती. नाव तेच. मी उघडली. आत क्रिकेटचा सट्टा, पैसे दुप्पट करायच्या लिंका, एकीखाली एक. सुटलेलं नाव कुणीतरी विकत घेतलं होतं. मधे काकांनी टाकलेला शेवटचा भाव तसाच ठेवला होता, माणसं यावीत म्हणून.

बाकावर एक म्हातारा पेन्शनच्या कामाला बसला होता. मी त्याच्यापुढे हात केला.

"जरा मोबाइल द्या बरं, तुमच्यात दिसते का पाहू."

त्याच्यातही पहिलीच दिसली.