तुळईपर्यंत चढलेली माती
काल शेजारी वाळवीचं औषध मारलं आणि त्या उग्र वासाने मला लालबागची आमची खोली आठवली. देव्हाऱ्यामागून मातीची एक रेघ वर तुळईपर्यंत चढली होती. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. "वारूळ आसा ता. राखणदार इलो घरात." नवरा म्हणाला, "आई, वाळवी आहे ती, घर खाईल." "तू गप रे! देवाक औषध मारतंस?" माझ्या तान्ह्या मुलीचा पाळणा त्याच तुळईला टांगलेला होता. मी स्टुलावर चढून तुळईत बोट दाबलं. ते सरळ आत गेलं आणि भुगा पाळण्यात पडला. सासूबाईंनी आधी मुलीला उचललं, मग "रागाव नको रे म्हाराजा" असं पुटपुटत स्वतःच ती माती पुसली. मुलगी आता मोठी झाली, तरी कुठल्याही घरात गेले की माझी नजर आधी छताकडे जाते.