वीबकेनं तोंड उघडलं

वीबके ओल्टमान्सबद्दल आमच्या ब्रेमेनमध्ये दोन मतं आहेत. एक मत असं की ती फितूर. दुसरं असं की ती देवी. दोन्ही मतवाल्यांनी तिच्यासोबत एकदाही जेवण केलेलं नाही. मी केलंय, पुष्कळदा. ब्रेमरहाफेनच्या शाळेत तिला मी इतिहास शिकवायचे, तेव्हा ती मला 'बाई' म्हणायची. पुढे ब्रेमेनला येऊन आंदोलनांत अटक झालेल्यांच्या मदत-फोनवर मी बसू लागले, तेव्हापासून 'अगं हेडा' म्हणते. त्या लोकांत वयाला कोणी विचारत नाही आणि मला ते आवडतं.

तिची आई ब्रेमरहाफेनच्या मासळीच्या कारखान्यात हेरिंग सोलायची. बाप जहाजावर गेला आणि तिकडचाच झाला. ह्या दोघींच्या वरच्या मजल्यावर उल्फ राहायचा. तो लहानपणापासून मधुमेही. रोज स्वतःला सुई टोचून घ्यावी लागायची. त्याच्या आईला दिवसपाळी-रात्रपाळीची कामं, म्हणून तिनं शेजारच्या ह्या पोरीला शिकवून ठेवलं होतं: हा घटाघट पाणी पिऊ लागला, सारखा संडासला पळू लागला, तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास आला, की कोणाला विचारत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. वीबके तेव्हा दुसरीत होती. दुसरीतल्या मुलीवर एवढं ओझं टाकू नये, पण टाकलं. त्यामुळे उल्फनं पाण्याचा पेला उचलला की हिचं लक्ष जायचं, ते कायमचंच.

मोठेपणी दोघं ब्रेमेनला आली. ती ट्रामच्या डेपोत लागली, फाटलेली आसनं शिवायला. महायुद्धातले हवाई हल्ल्यांचे बंकर शहरात अजून उभे आहेत, कारण ते पाडायला शहर पाडावं लागेल. त्यांतल्या एका बंकरच्या तळघरात ह्यांनी बँड काढला. नाव 'केलरफ्रॉस्ट', म्हणजे तळघरातला गारठा. तिथे बसलं की नाव का पडलं ते पाठीला कळायचं. वीबके ड्रमवर, उल्फ बेस गिटारवर, आंत्ये नावाची एक लांब मुलगी गिटारवर, आणि गायला त्यार्क. गायला म्हणजे ओरडायला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी पत्र्याचं कपाट जिन्यावरून ढकलून देतंय आणि आतला माणूस मदत मागतोय. शब्द मात्र छापून वाटायचे, आणि ते शब्द वाचण्यासारखे होते. घरभाडी, बंदरातले संप, निर्वासितांना परत पाठवणं, पोलीस. लोक कपाटासाठी यायचे आणि शब्द घेऊन जायचे.

त्यांचे नियम ठरलेले. रेकॉर्डवर कोणाचं नाव नाही, चेहरा नाही. तिकीट शाळकरी पोरालाही परवडेल एवढंच. कोणताही निर्णय सगळ्यांच्या होकाराशिवाय नाही, एकानं जरी 'अडवतो' म्हटलं तरी गोष्ट अडली. आणि सगळ्यांत वरचा नियम, पोलिसांपुढे तोंड उघडायचं नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगायची आणि गप्प. कोण कोणाला ओळखतं, कोण कोणाबरोबर आलं, काही नाही. मोर्चाला निघताना जो तो हातावर जाड पेनानं आमच्या मदत-फोनचा नंबर लिहून घ्यायचा. बाकीचं सगळं पोटात. नियम चांगला होता. त्यानं किती जण तुरुंगाबाहेर राहिले ते मी पाहिलंय.

ब्याण्णव सालच्या शरदात पूर्वेकडच्या एका गावात निर्वासितांच्या वसतिगृहावर दगडफेक झाली. आत व्हिएतनामी कुटुंबं होती, बाहेर शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या शनिवारी भरदुपारी त्याच वसतिगृहासमोर ट्रकवर चढून केलरफ्रॉस्टनं वाजवायचं, असं ठरलं. आतल्या लोकांना कळू दे की बाहेर टाळ्यांखेरीज दुसराही आवाज आहे.

ते वसतिगृहापर्यंत पोचलेच नाहीत. गावाबाहेरच्या कुरणात पोलिसांनी सगळ्यांना वेढा घातला. बँडची जुनी पिवळी टपालगाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, आत कोणी नाही. गाडी कोणा एकाच्या नावावर नव्हती, संस्थेच्या नावावर होती. उल्फ 'आलोच' म्हणून पुढे काय चाललंय बघायला उतरला आणि वेढ्यात सापडला. त्याची निळी पिशवी गाडीतच राहिली. पिशवीत त्याचं इन्सुलिन आणि सुया.

पोलिसांनी गाडी उघडली. ड्रमच्या खोक्यामागे त्यांना गलोली सापडल्या. पोरांच्या चिमण्या मारायच्या नव्हेत, पोलादी गोळ्यांच्या, माणूस आडवा करणाऱ्या. कोणी ठेवल्या हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. माझा संशय आहे, पण तो मी माझ्याजवळ ठेवते. मग एक अधिकारी निळी पिशवी उंच धरून रांगेपुढून चालत गेला: ही कोणाची? ज्याची पिशवी त्याची गाडी, ज्याची गाडी त्याच्या गलोली, हिशेब उघड होता. दोनेकशे माणसं उभी होती. कोणी हूं की चूं केलं नाही. उल्फनंही नाही. त्याच्यावर आधीच एक शिक्षा लटकत होती, पोरांनी बळकावलेलं एक रिकामं घर पोलीस सोडवत असताना दगड मारल्याबद्दल. नव्यानं काही निघालं की सरळ आत. त्याला वाटलं, संध्याकाळपर्यंत सोडतील.

सोडलं नाही. सगळ्यांना पोलिसांच्या जुन्या बराकीत नेलं, बायका एका व्यायामशाळेत, पुरुष अंगणापलीकडे दुसरीत. कायद्यानं रविवारअखेर डांबून ठेवता येत होतं.

शनिवारी संध्याकाळी वीबकेला एक फोन करू दिला. तिनं मला केला. नाव, जन्मतारीख, जागा, सगळं शिकवल्याप्रमाणे सांगितलं. मी विचारलं, बाकी सगळे ठीक? ती काही बोलली नाही. फोन ठेवलाही नाही. तिच्या शेजारी पोलीस उभा असणार हे मला कळत होतं. ती श्वास घेत होती तेवढं ऐकू येत होतं. मग फोन कट झाला. मी आमच्या वकिलाला हाक मारली आणि म्हटलं, तिथे काहीतरी भलतंच चाललंय, गाडी काढ. तो म्हणाला, रस्ते अडवलेत. मी म्हटलं, मग लवकर निघ.

रविवारी सकाळी पुरुषांना चार-चार करून अंगणातल्या नळावर आणत होते. व्यायामशाळेच्या उंच खिडकीखाली कसरतीचा एक लाकडी घोडा होता, त्यावर वीबके चढून बसली होती. उल्फ आला. नळाला तोंड लावून प्यायला. शिपायानं खांद्याला धरून बाजूला केलं तरी पुन्हा वाकला. आत नेल्यावर थोड्याच वेळात संडासला म्हणून परत आणला, आणि जाताना पुन्हा नळ. तिसऱ्या खेपेला त्याचे पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. भिंतीला धरून तो ओकला. शिपाई हसून दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, दारू उतरली नाही वगैरे असावं.

वीबके खाली उतरली आणि तिनं बायकांना सांगितलं.

आता इथे मला राग येतो, अजून येतो. त्या बायकांनी काय करावं? त्यांनी बैठक घेतली. गोल करून बसल्या, एकीनं बोलणाऱ्यांची पाळी ठरवली, होकाराला दोन्ही हात वर करून हलवायचे, विरोधाला हात आडवे. वाईट नव्हत्या त्या, चांगल्याच होत्या. पण सवय अशी लागलेली की घराला आग लागली तरी आधी पाणी कोणत्या बादलीनं मारायचं यावर एकमत हवं.

एक म्हणाली, पिशवीचं बोललं की उल्फ आत जातो. दुसरी म्हणाली, त्याला आजारी वाटत असेल तर तो स्वतः बोलेल, त्याच्या शरीराबद्दल ठरवणाऱ्या आपण कोण? वीबकेनं सांगितलं की ह्या अवस्थेत माणसाचं डोकं चालत नाही, तो काय बोलेल? तिसरीनं सुचवलं, पिशवीचं नाव न काढता नुसता डॉक्टर मागावा. वीबके म्हणाली, मागितला पहाटेच, डॉक्टर एकच आहे आणि तो 'सगळ्यांनाच बघतोय', आणि मधुमेह म्हटलं की त्यांना सुया आठवणारच. म्हणजे पिशवीचं बोलल्यासारखंच झालं. मग आंत्ये, गिटारवाली, इतका वेळ गुडघ्यांत डोकं घालून बसलेली, हळूच म्हणाली,

"मी अडवते."

"आंत्ये, तो मरेल."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस का? आसनं शिवतेस तू."

"मला दुसरीपासून माहीत आहे."

"त्याला आत जायचं नाहीये, वीबके. तो मला म्हणालाय, मेलो तरी चालेल पण तिकडे जाणार नाही."

"असं सगळेच म्हणतात गं. पोट भरलेलं असतं तेव्हा."

पाळी ठरवणारी म्हणाली, एक अडवणूक आहे, म्हणजे निर्णय होत नाही, पुन्हा एक फेरी घेऊया. वीबके उठली.  आपण घाबरून चूक करतोय की घाबरायचं तेच बरोबर आहे, हे तिला कळेना. उल्फ आत गेला तर ते हिच्यामुळे. उल्फ गेला तर तेही हिच्यामुळे. तिनं दार दोन्ही मुठींनी बडवायला सुरुवात केली.

दार उघडलं एका तरुण पोलीसबाईनं. वीबके म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा. त्यांच्याशीच बोलेन."

"काय आहे ते मला सांगा."

"निळी पिशवी कुठे आहे?"

पोलीसबाईनं डोळे बारीक केले. "म्हणजे ती तुमची?"

"पलीकडे एक जण आहे. उंच, भुवई चिरलेली, हिरवा स्वेटर. नळापाशी ओकतोय तो. त्याला इन्सुलिन मिळालेलं नाही, कालपासून. ते त्या पिशवीत आहे."

"तर ती पिशवी त्याची."

 मागून आंत्येचा आवाज आला, "वीबके, नको." आणि हिनं सांगून टाकलं.

"हो, त्याची. आता पळा ना बाई."

पोलीसबाई पळाली, हे मात्र म्हटलं पाहिजे. उल्फला पलीकडच्या व्यायामशाळेत गाद्यांच्या ढिगाला टेकवून ठेवलेलं होतं. काही विचारलं तर उत्तर देत नव्हता. शेजारच्यांना वाटलं, काय कडक पोरगा, नियम किती पाळतो. रुग्णवाहिका आली आणि त्याला जिल्ह्याच्या गावी नेलं. आमचा वकील बराकीच्या फाटकात शिरत होता तेव्हा ती बाहेर पडत होती. दोन दिवस उल्फ अतिदक्षता विभागात होता. मग उठून बसला आणि त्यानं सिगारेट मागितली.

ती बोलली नसती तर तो वाचला असता की नसता, ह्यावर आमच्याकडे वर्षभर वाद झाले. डॉक्टरनं विचारणाऱ्याला सांगितलं की असं तास मोजून सांगता येत नाही. त्यावर ज्याला जे हवं ते त्यानं घेतलं.

खटला झाला. पिशवीवरून गाडी, गाडीवरून गलोली. उल्फला जुनी शिक्षा आणि वर नवी मिळून दीड वर्षाची कैद झाली. तो आत जायच्या आधी बंकरमध्ये बँडची बैठक झाली. त्यार्क म्हणाला, वीबकेचं मन आपल्याला समजतं, पण उद्या कोणीही मन दाखवून बोलेल, मग नियम कशाला? तिनं बँडमध्ये राहू नये. आंत्येनं होकारार्थी मान हलवली. जिचा विषय तिला मत नव्हतं. राहिला उल्फ. त्यानं एक शब्द उच्चारला असता, 'अडवतो', तर विषय तिथेच संपला असता. सगळे त्याच्याकडे बघत होते. वीबकेही. तो बेसच्या पट्ट्याशी खेळत राहिला आणि म्हणाला की तो ना बाजूनं ना विरोधात. तिनं ड्रमच्या काड्या घेतल्या, ड्रम तिथेच ठेवले, ते सामायिक होते. जिना चढून वर आली.

केलरफ्रॉस्टनं पुढे तीन रेकॉर्डी काढल्या. नवा ड्रमवाला बरा होता, पण फार नीटनेटका. वीबकेला काही जण रस्त्यात ओळख देईनासे झाले. डेपोच्या भिंतीवर तिच्या नावानं एक घाण शब्द लिहिला गेला, तो तिनं आपल्या हातानं रंगवून टाकला. मी तिला म्हटलं, तू दुसरा बँड काढ. ती म्हणाली, "अगं हेडा, मला रात्री झोप लागू दे, मग बघू." झोप बराच काळ लागली नाही. तुरुंगात त्याला वेळेवर इन्सुलिन देतात की नाही ह्याची धास्ती तिला इतकी की तिनं आमच्या वकिलाचा पिच्छा पुरवला. वकील दर महिन्याला चौकशीचं पत्र टाकायचा आणि ते तिच्या सांगण्यावरून आहे हे उल्फला कळू द्यायचं नाही, अशी तिची अट.

सुटल्यावर थोड्या दिवसांनी उल्फ डेपोत आला. दुपारच्या सुट्टीत ती आसनांच्या ढिगावर डबा उघडून बसली होती. तो समोर उभा राहिला. बारीक झाला होता.

"मी बोललो असतो," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ गेला असता तर मीच बोललो असतो."

"असशील."

"तुला खरं वाटत नाही."

"मला माहीत नाही, उल्फ. मी थांबले नाही, म्हणून आता कधीच कळणार नाही."

 मग तो म्हणाला, "बैठकीत मी हो म्हणालो नव्हतो."

"नाहीही म्हणाला नव्हतास."

 वीबकेनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम होता आणि हात किंचित थरथरत होते. आता ह्याची साखर उतरलीय, तिच्या मनात आलं, सुई घेतली असणार आणि खाल्लं नसणार, इथे यायचं म्हणून.

"कधी टोचलंस?"

"सकाळी. तू ऐक ना, मला तुला सांगायचंय..."

"नंतर सांग," ती म्हणाली, आणि आपल्या पावाचा मोठा तुकडा मोडून तिनं त्याच्या हातात कोंबला. "बस इथे. आधी खा."

तो बसला.