बाईंचं इंडस्ट्रियलायझेशन

लांबलचक शब्द दिसला की आमच्या इंग्रजीच्या बाई भांडायला निघाल्यासारखा पदर खोचायच्या. "लांब हाय म्हणून भ्यायचं न्हाई. कांडी पाडा!" नेकनूरच्या शाळेत निम्मी पोरं ऊसतोड कामगारांची, ऊस कुठं मोडायचा हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं. गावानं त्यांचं नावच कांडीवाल्या बाई पाडलं.

परदेशी कंपन्या येणार, नवे कारखाने निघणार, अशा बातम्यांचे ते दिवस. दहावीच्या धड्यात 'इंडस्ट्रियलायझेशन' आलं आणि सगळा वर्ग गार. बाईंनी फळ्यावर शब्दाची कांडी पाडली: इन-डस-ट्रि-अल-आय-झे-शन. मग शब्दाच्या सुरुवातीवर खडू आपटला. "हा बुडखा. इंडस्ट्री. बाकीचं त्याच्यावर वाढलंय. बुडखा धरा, शेंडा कुठं पळतोय?" त्या दिवशी मी घरापर्यंत तो शब्द ओरडत गेले.

दिवाळी झाली की आमची घरं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागत. हेडमास्तर बाईंना म्हणाले, "पोरं जाणारच आहेत. कशाला घसा कोरडा करता?"

"जाणारच असतील तर आत्ताच जास्त शिकवते."

मला त्यांचा राग फार आवडायचा. आमची कीव करणारे पुष्कळ होते, आमच्यासाठी चिडणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी मलाही नेणार होते, भाकरी थापायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला. म्हणजे दहावी बुडाली. ट्रक भरला, मी वर चढून बसले आणि बाई तरातरा आल्या.

"पोरगी खाली उतरवा."

माझे वडील, आबा, म्हणाले, "बाई, आमी दोघं दिवसभर फडात. धाकट्याला कोन बघंल?"

"त्यालाबी ठेवा. दोघं माझ्या घरी ऱ्हातील."

"लोक काय म्हनतील?"

"म्हणू द्या. ऐकायला मी हाय."

बाईंनी स्वतःच माझी वळकटी खाली ओढली. तेव्हा आईनं झोपलेला धाकटा वरून त्यांच्या हातात दिला. "ह्याला अंधाराचं लई भ्या वाटतं," एवढंच बोलली आणि तोंड फिरवून बसली. ट्रक सुटला.

मी पास झाले. गावानं बाईंचं कौतुक केलं, पेढे वाटले. बाईंनी पेढा हातात तसाच धरला. "त्या ट्रकमधली ही एकटीच परीक्षेला बसली. एकटीच का म्हून?" लोक पेढे वाटत पुढं गेले. बाई आता नाहीत. दिवाळीनंतर ट्रक अजून भरतात, आणि मी प्रत्येक ट्रकपुढं उभी राहून तेच विचारते, "बाकीची पोरं परीक्षेला का म्हून नाहीत?"