लॉर्डसाहेबांचा पी.ए.

आधी चहाचे कप खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या शेजारणीला असा ठसका लागला, की पाठ चोळावी लागली. आता माझीच फजिती मी माझ्याच तोंडानं सांगतेय, तर निदान नीट हसा!

माझी मुलगी इरा. जन्म इथलाच, न्यू जर्सीचा. पीएच.डी. करते. विषय काय, तर ब्रिटिश मंत्र्यांच्या ऑफिसात खरे निर्णय कोण घेतं! त्यासाठी तिला एका मंत्र्याच्या जुन्या प्रायव्हेट सेक्रेटरीची मुलाखत हवी होती. आणि तो गृहस्थ कोणाशीच बोलायला तयार नाही. सगळं घोडं तिथेच अडलेलं. पोर अगदी रडकुंडीला आली होती हो.

तर हा माणूस इथल्या युनिव्हर्सिटीत भाषणाला आला. इराच्या प्रोफेसरबाईंनी खटपट करून त्याला आमच्या पिस्कॅटवेच्या घरी जेवायला यायला राजी केलं.

इरानं मला आधीच दम दिला. "आई, प्लीज, त्याच्याकडे काही मागायचं नाही. जस्ट फीड हिम."

आता प्रायव्हेट सेक्रेटरी म्हणजे कोण? आपला पी.ए.च की! आणि पी.ए. ही काय चीज असते, हे मला, नागपूरच्या मुलीला, कोणी शिकवावं? हिवाळी अधिवेशनाला मंत्री आले, की अर्धं शहर त्यांच्या पी.ए.च्या मागे. साहेब हार घालून घेतो, काम पी.ए. करतो. म्हणून मी पुरणपोळीचा घाट घातला.

इरा त्याला आणायला हॉटेलवर गेली आणि इकडे बेल वाजली. दारात युनिव्हर्सिटीचा ड्रायव्हर. त्याच्यामागे एक उंच म्हातारा, स्वेटरच्या कोपराला ठिगळ.

"मॅडम, धिस इज अ रिअल लॉर्ड!" ड्रायव्हरनं जाहीर केलं आणि तो गेला.

लॉर्ड? इरा तर लॉर्डबद्दल काही बोलली नव्हती. पण माझं डोकं काय चालतं म्हणता! लॉर्ड कशाला कोणाची पी.ए.गिरी करेल? म्हणजे हे साहेब. पी.ए. मागून येतोय, इराच्या गाडीतून. बरोबर की नाही?

साहेबांना बसवलं, चहा दिला, वाटीभर चिवडा दिला. साहेबांना तेवढं पुरतं! पण म्हाताऱ्याचं लक्ष टेबलावरच्या पोळ्यांकडे. वास सुटला होता ना तुपाचा. त्यानं हळूच हात पुढे केला.

"नो, नो!" मी ताट ओढून घेतलं. "हे तुमच्या पी.ए.साठी आहे."

"माझ्या?"

"तुमच्या सेक्रेटरीसाठी हो. खरं काम तोच करतो ना!"

म्हातारा जरा चमकला. मग म्हणाला, "असं वाटतं तुम्हाला?"

बस्स! एवढं विचारलं कोणी, की मी थांबते होय? मी माझ्या इंग्रजीत सुटलेच. म्हटलं, "तुम्ही राग मानू नका, पण साहेबांना काही ठाऊक नसतं. म्हणून तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण तुमचा तो पी.ए. भारी शिष्ट आहे! माझी मुलगी त्याच्यामागे हात धुऊन लागलीय आणि तो ढिम्म. तुम्ही जरा झापा त्याला."

"मी प्रयत्न करीन," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तो माझंही फारसं ऐकत नाही."

"मग कसला हो तो पी.ए.! पी.ए. कसा असावा, मी सांगते."

आणि मी बाबांची गोष्ट सांगितली. बाबा शाळामास्तर, नोकरी गडचिरोलीकडे, आम्ही नागपुरात. बदलीसाठी एका मंत्र्याच्या बंगल्याबाहेर बसून राहायचे. मंत्र्यानं कधी मान वर करून पाहिलं नाही. पण पी.ए.नं एक दिवस आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. बाबा घरी आले ते बदली घेऊनच. त्या माणसाचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही, पण आमचं घर त्यानं एकत्र आणलं. 

म्हातारा चष्मा काढून पुसत बसला.

तेवढ्यात हॉटेलवर चुकामूक झालेली इरा धापा टाकत आत आली. "आय ॲम सो सॉरी, सर! आई, तुम्ही दोघं भेटलात? हेच ते प्रायव्हेट सेक्रेटरी!"

"हे? हे तर लॉर्ड आहेत!"

"आई, बोथ! वडिलांमागे टायटल मिळालं त्यांना."

अरे बाप्पा! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ज्याला शिष्ट म्हटलं, त्याच्याचकडे त्याला झापायची मागणी!

म्हातारा उठला. इराला म्हणाला, "माझ्या साहेबांबद्दल विचारायला पुष्कळ येतात. बाहेर बसलेल्या माणसांबद्दल आजवर कोणी विचारलं नव्हतं. तुझे प्रश्न काढ. मी बोलेन." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, आता तरी मिळेल का मला ती पोळी?"

एक काय, चांगल्या तीन खाल्ल्या, तुपात बुडवून! आणि इराची मुलाखत दिवेलागणीपर्यंत चालली. परवा तिच्या प्रबंधाचं ते प्रकरण मंजूरही झालं.

काल प्रोफेसरबाईंचा फोन आला. "मला जमलं नाही ते तुम्ही कसं जमवलंत?"

मी ऐटीत म्हटलं, "त्यात काय! आम्ही नागपूरचे. साहेबाच्या नादी लागलेच नाही, थेट पी.ए.ला धरलं."

धरला तोच पी.ए. आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढं मात्र सांगायचं राहिलं.